वऱ्हाडातून अंदमानला : बारा जणांची सहल

हिवाळ्याची चाहूल लागली की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आई-बाबांना अंदमानला न्यायचे आहे, चालेल ना?" विचारणारा बहुधा मुलगा किंवा सून असते. ज्यांच्याविषयी विचारायचे ते शेजारच्या खुर्चीत बसलेले असतात आणि त्यांना मात्र कोणी काही विचारत नाही. एके काळी आमच्याकडची वडीलधारी मंडळी काशी-रामेश्वर करून आली की प्रवासाचा अध्याय संपत असे. आता निवृत्तिवेतन आहे, विमान आहे, आणि नातवाने भ्रमणध्वनीवर दाखवलेले निळे पाणी आहे. त्या पाण्यात तोंडाला नळी लावून पोहणारी माणसे दिसतात. मग प्रश्न नुसता "जाऊ का" एवढा राहत नाही. "पाण्यात उतरू का" हाही त्याला जोडून येतो, आणि त्याचे उत्तर रक्तदाब मोजून एका वाक्यात देता येत नाही.

गेल्या जानेवारीत अमरावती-अकोल्यातल्या दहा ज्येष्ठ मंडळींबरोबर आम्ही उभयता अंदमानला गेलो. एकूण बारा माणसे, म्हणजे एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावतील एवढीच. मोठ्या सहलीत चाळीस जणांच्या वेगाने चालावे लागते. त्यात गुडघे दुखणारा माणूस पहिल्याच दिवशी सर्वांचा अपराधी होऊन बसतो. बारांच्या गटात गाडी थांबवायची असेल तर एकानेच म्हणावे लागते, आणि म्हणायला संकोचही वाटत नाही. वृद्धांच्या प्रवासात लघवीसाठी गाडी थांबवायला सांगता येणे ही फार मोठी सोय आहे. ती सोय नसली की माणसे पाणी पिणे बंद करतात, आणि पुढचे सारे त्रास तिथून सुरू होतात.

आमच्यात अमरावतीचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते, वय ७४, सहा वर्षांपासून कंपवात. बरोबर त्यांच्या पत्नी, वय ६७. दर्यापूरकडचे एक शेतकरी काका होते, वय ७१. तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, आणि हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती निम्म्याच्या आसपास उतरलेली. त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा. अकोल्याचे निवृत्त पोस्टमास्तर व त्यांच्या पत्नी, दोघांनाही मधुमेह. अकोल्याच्याच दोन बहिणी, आणि परतवाड्याचे बँकेतून निवृत्त झालेले एक जोडपे. शेवटचे दोघे आमच्यातले सर्वांत धडधाकट, आणि म्हणूनच मला त्यांची काळजी अधिक. आपल्याला काही होत नाही असे मानणारा रुग्ण गोळ्यांची पिशवी मोठ्या सामानात टाकून देतो.

निघण्याच्या महिनाभर आधी सर्वांच्या तपासण्या करून घेतल्या. हृदयाचा आलेख, साखर, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. क्रिएटिनिनचा माझा आग्रह दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या माणसांच्या बाबतीत थोडा जास्तच असतो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी बरीच वर्षे विहिरीचे खारे पाणी प्यायलेले असते. त्यावर रक्तदाब, मधुमेह आणि सांधेदुखीच्या गोळ्या यांची भर पडली की मूत्रपिंडाकडे एकदा नीट पाहिलेच पाहिजे. चालण्याची कसोटी साधी ठेवली होती. न थांबता दोन मजले चढून या आणि वर पोचल्यावर एक पूर्ण वाक्य बोला. वाक्य मध्ये तुटले तर विमानाचा विचार नंतर.

तपासणीच्या यादीत सरांच्या पत्नीचे नाव शेवटी होते, तेही मी घातलेले. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो. "मला काय झालंय?" असे त्यांनी विचारले. त्यांचा रक्तदाब मोजला तर १६८/९६. सरांच्या गोळ्यांच्या वेळा, फिजिओथेरपी, मलावरोध, रात्रीची झोप, सारे त्या एका वहीत तारीखवार लिहून ठेवत होत्या. स्वतःचा रक्तदाब मात्र दोन वर्षांत कोणाकडून मोजून घेतला नव्हता. एक गोळी सुरू केली आणि तीन आठवड्यांत तो ताब्यात आला. घरात रुग्णसेवा करणाऱ्या व्यक्तीला प्रवासाच्या निमित्ताने तरी एकदा तपासून घ्यावे, ही विनंती मी प्रत्येक कुटुंबाला करतो. ती व्यक्ती आजारी पडली तर दोन रुग्ण होतात आणि सेवा करणारे कोणीच उरत नाही.

आमच्याकडून अंदमानला जायचे म्हणजे बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून नागपूर, तिथून विमानाने कोलकाता किंवा चेन्नई, आणि मग पुढचे विमान. भारताच्या मुख्य भूमीपासून ही बेटे समुद्रावरून सुमारे बाराशे किलोमीटर दूर आहेत. आम्ही कोलकात्याला रात्रीचा मुक्काम केला. विमानतळावर चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. त्यात कमीपणा नाही. इन्सुलिन आणि दररोजची सर्व औषधे हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. विमानात तासाभराने उठून चार पावले टाकावीत, ते शक्य नसेल तर बसल्या जागी पावले वरखाली करावीत.

पोर्ट ब्लेअरचे अधिकृत नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलपर्यंत सगळे अजून जुनेच नाव घेतात. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाला सात लांबलचक पाखे होती, त्यांतले तीन आज उभे आहेत. मूळच्या ६९३ कोठड्या, प्रत्येकीत एकच माणूस. १९११ मध्ये सावरकरांना इथे आणले. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे आणि जिना चढावा लागतो. आमच्यातले सात जण वर गेले. उरलेल्यांनी अंगणातल्या झाडाखाली बसून घेतले. सरांनी खालूनच हात जोडले. आपल्याकडचे ज्येष्ठ अशा ठिकाणी भावनेच्या भरात क्षमतेपेक्षा जास्त चढतात, म्हणून कोण वर जाणार हे गाडीतच ठरवून घेतलेले बरे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तिचा उल्लेख प्रवासी पुस्तिकांत सहसा नसतो. अमरावती ७७ रेखांशाच्या थोडी पुढे, आणि अंदमान ९२-९३ रेखांशावर. अंतर पंधरा अंशांचे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने एक तासाचे. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सहाला काळोख दाटलेला असतो. तरुण माणसाला त्याची गंमत वाटते. पण विस्मृतीचा किंवा कंपवाताचा रुग्ण संध्याकाळी आधीच थोडा गोंधळलेला, अस्वस्थ असतो, आणि अनोळखी खोलीत तासभर आधी आलेला अंधार त्या अस्वस्थतेत भर घालतो. पहिल्या संध्याकाळी सर "घरी चला" म्हणत तीनदा दाराकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाच वाजताच खोलीतले सगळे दिवे लावू लागलो, स्वच्छतागृहाचा दिवा रात्रभर चालू ठेवला, आणि घरून आणलेली त्यांची चादर पलंगावर घातली. फरक पडला. गोळ्यांच्या वेळा मात्र सूर्यावर न ठेवता घड्याळावरच ठेवाव्यात. कंपवाताच्या औषधाला अर्ध्या तासाचा उशीरही पायांना लगेच कळतो.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायला जाण्याचा प्रस्ताव होता. त्यासाठी जिरकाटांगच्या चौकीपासून गाड्यांचा ताफा करून जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जावे लागते, आणि तिथे वाटेत थांबता येत नाही. जाऊ नये असे माझे मत पडले. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या तीन जणांना न थांबणारी गाडी झेपणारी नव्हती, हे एक कारण. दुसरे कारण असे की जारवांची छायाचित्रे काढणे, त्यांना खाऊ देणे कायद्याने गुन्हा आहे, तरी "जारवा दिसले का?" हाच प्रश्न त्या रस्त्याने जाऊन आलेल्यांना सगळे विचारतात. आपल्या मेळघाटात कोरकूंच्या दारात गाडी उभी करून टक लावून पाहणारे पर्यटक मी पाहिले आहेत. तो प्रकार पुन्हा नको होता. गट लहान असल्यामुळे दहा मिनिटांत सर्वानुमते बेत रद्द झाला.

तिसऱ्या दिवशी हॅवलॉकला गेलो. २०१८ पासून त्याचे नाव स्वराज द्वीप. जलद बोटीने दीड-दोन तास लागतात. बोट बंदिस्त, वातानुकूलित, आणि समुद्र खवळलेला असेल तर ओकारीची साथ एकदा सुरू झाली की रांगेने पसरते. मधल्या भागातली खालची आसने घ्यावीत, पोट हलके ठेवावे, पण रिकामे नसावे, आणि नजर खिडकीबाहेर क्षितिजावर ठेवावी. आलेपाक चघळायला हरकत नाही. पोस्टमास्तरांनी प्रेमाने खिशातली ओकारीची गोळी सरांपुढे धरली, ती मी मध्येच अडवली. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, प्रोमेथाझिन ही ओकारीसाठी सर्रास वापरली जाणारी औषधे कंपवाताच्या रुग्णाला देऊ नयेत. मेंदूत ज्या रसायनाची त्याला कमतरता आहे, त्याचेच काम ती अडवतात. एका गोळीनेही माणूस दिवसभर लाकडासारखा ताठरू शकतो. इतर वृद्धांनाही या गोळ्यांनी गुंगी येते, तोल जातो, आणि काहींनी प्रोस्टेटवाल्यांची लघवी तुंबते. कंपवाताच्या रुग्णाचे कोणते औषध चालेल ते त्याच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून वहीत लिहून ठेवावे. सहप्रवाशाच्या खिशातली गोळी घ्यायची नाही, हा आमच्या गटाचा त्या दिवसापासूनचा नियम झाला.

प्रत्येक बेटावर गाडी वेगळी मिळते, कारण या बोटींवर गाड्या चढत नाहीत. गाडीची पायरी उंच होती, म्हणून पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजारातून प्लॅस्टिकचे एक बुटके स्टूल घेतले आणि ते सबंध सहलभर आमच्याबरोबर हिंडले. गुडघ्यांसाठी एवढी स्वस्त आणि गुणकारी वस्तू दुसरी नाही. हॅवलॉकचे रस्ते अरुंद, वळणावळणाचे, दोन्ही बाजूंना सुपारी आणि नारळ. राधानगरच्या किनाऱ्यावर वाळू मऊ आहे, चालायला सुंदर, पण कंपवाताच्या पावलांना ती पकडून ठेवते. काठावरच्या पक्क्या जागेवरून सूर्यास्त पाहिला. वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि आठवडाभर खाज सुटते. मधुमेही माणसाने ती जागा खाजवून जखम करून घेऊ नये, म्हणून पूर्ण बाह्या आणि पायघोळ कपडे.

खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या इशाऱ्याचे फलक या बेटांवर दिसतात. ते शोभेचे नाहीत. परवानगी असलेल्या जागीच, स्थानिक मार्गदर्शकाबरोबरच पाण्यात उतरायचे. बहुतेक सहली स्नॉर्केलिंगसाठी हॅवलॉकच्या एलिफंट बीचला नेतात. तिथे लहान मोटारबोटीने जावे लागते, किंवा जंगलातून पायी. बोटीतून उतरताना हलत्या काठावरून गुडघाभर पाण्यात पाय टाकायचा असतो. परतवाड्याचे जोडपे गेले आणि खूश होऊन परतले. इतरांसाठी मी नील बेटाचा, म्हणजे शहीद द्वीपाचा, भरतपूर किनारा निवडला. गाडी जवळपर्यंत जाते, पाणी उथळ व संथ, सावली आहे, आणि ज्यांना पाण्यात उतरायचे नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट आहे. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्या कोणालाही मी भरतपूरच सुचवीन. भरती-ओहोटीची वेळ मात्र आदल्या दिवशी विचारून घ्यावी.

नील बेट लहानसे आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ते वसवले आणि गावांना रामायणातली नावे दिली. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. अंदमानची बरीचशी भाजी इथे पिकते. वांग्याचे वाफे दिसले तशी शेतकरी काकांनी गाडी थांबवायला लावली, बांधावर जाऊन माती चिमटीत घेतली, आणि मालकाशी मोडक्या हिंदीत पंधरा मिनिटे बोलत उभे राहिले. शेणखत, किडी, बाजारभाव. परतल्यावर म्हणाले, "जमीन बरी हाये, पन आपल्या काळीची सर नाही." सहलीतला तो त्यांचा पहिला खरा आनंद होता असे मला वाटले, आणि पुढच्या तासाभरात मला त्यांना नाही म्हणायचे होते.

त्यांच्या मुलाने आदल्या रात्री मला बाजूला घेतले होते. "डॉक्टर, तुम्हीच नाही म्हणा. माझं ऐकत नाहीत." ही विनंती आम्हा डॉक्टरांना नेहमीची. पण मुलाच्या वतीने नाही म्हणणे मला पटत नाही. जे सांगायचे ते त्या माणसालाच समजावून सांगितले पाहिजे. म्हणून सकाळी चहाच्या वेळी काकांशेजारी बसलो.

गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले की पाण्याचा दाब पायांतले आणि पोटातले रक्त वर छातीकडे ढकलतो. सुमारे ७०० मिलिलिटर रक्त अचानक छातीत अधिक येते. निरोगी हृदय ते सहज पुढे ढकलते आणि मूत्रपिंडे जास्त लघवी करून बाकीचा हिशेब मिटवतात. दुबळ्या हृदयाला तो लोंढा पेलत नाही, आणि पाणी फुप्फुसांत झिरपू लागते. त्यात स्नॉर्केलची नळी. नळीतून श्वास ओढायला जास्त जोर लागतो, नळीतली शिळी हवा पुन्हा आत येते, आणि छातीबाहेरचा पाण्याचा दाब आत श्वास घेऊ देत नाही. हा जोर फुप्फुसांत पाणी उतरण्याला आणखी मदत करतो. माणूस हातपाय मारत नाही, ओरडत नाही. तोंड पाण्यात तसेच, पाठ वर, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटते की मासे पाहतो आहे. अमेरिकेच्या हवाई बेटांवर पर्यटक बुडण्याच्या घटनांत स्नॉर्केलिंगचा वाटा फार मोठा आहे, आणि बुडणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेले बरेच असतात.

काकांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "दर्यापूरच्या मान्साले दर्या दाखवता, अन् आंगाले लागू देत नाही. असं कुठी असते काय, डाक्टरसायेब?"

मी म्हणालो, "अंगाला लागू द्या की. पोटऱ्यांपर्यंत उभे राहा, हवे तेवढा वेळ. नळी नाही आणि गळ्यापर्यंत पाणी नाही." त्यांना ते आवडले नाही. थोडा वेळ ते बोलले नाहीत. मुलाकडे पाहिले, मुलाने मान खाली घातली. शेवटी, "मंग मी काय करू बसल्या बसल्या?" असे विचारले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच बाजूने आले.

काकूंना पाण्यात उतरायचे होते. अमरावतीत एका तरणतलावावर चार सकाळी त्या माझ्या पत्नीबरोबर कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून, मास्क लावून तोंडाने श्वास घेण्याचा सराव करून आल्या होत्या. रक्तदाब ताब्यात, हृदयाचा आलेख व्यवस्थित, दोन मजले चढून वाक्य न तुटता बोलणाऱ्या. वैद्यकीय दृष्ट्या अडचण नव्हती. अडचण वेगळी होती. "मी गेले तर ह्यांच्याजवळ कोण?" सहा वर्षांत त्या सरांना सोडून अर्ध्या तासापेक्षा जास्त कुठे गेल्या नव्हत्या. अकरा वाजता त्यांची गोळी होती. कोणी अनोळखी माणूस जवळ बसला की सर घाबरत. मुलगा बंगळुरूला, दिवसाची मदतनीस बाई ठेवली तर तिच्याकडे बघण्यातच काकूंचा दिवस जाई. मी बसतो म्हणालो तर त्यांनी मान हलवली. पाण्यात डॉक्टर जवळ हवेत असा त्यांचा हिशेब होता, आणि तो बरोबर होता.

शेतकरी काका म्हणाले, "मी बसतो सरांपाशी. मले तसंही काई काम नाही." चार दिवस गाडीत दोघे शेजारी बसत होते. काका पिकांविषयी बोलत आणि सर ऐकत. सरांचा आवाज आजाराने बारीक झाला आहे, कान जवळ न्यावा लागतो. काकांनी कान जवळ नेला, मग आम्हाला सांगितले, "सर म्हणतात, जा. पाहून ये, अन् मला सांग." काकूंनी वहीचे पान काढून दाखवले, गोळी कोणती, पाण्याबरोबर कशी, गिळताना हनुवटी थोडी खाली. काकांनी ते दोनदा म्हणून दाखवले. माझ्या अनुभवात घरातली सख्खी माणसेही हे इतक्या लक्षपूर्वक ऐकत नाहीत.

पाण्यात एकूण सहा जण उतरलो. मधुमेही पोस्टमास्तरांनी उतरण्यापूर्वी साखर पाहिली, दोन बिस्किटे खाल्ली आणि रबरी तळाचे पायमोजे घातले. प्रवाळ वस्तऱ्यासारखे कापते, आणि बधिर पायाला ते कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी तर हे पायमोजे विसरूच नयेत. त्यांची कवळी मी आधीच डबीत काढून ठेवायला लावली होती. नळीचे रबर दातांत धरताना सैल कवळी घशाकडे सरकण्याचा धोका असतो. त्यांचा मास्क मात्र सारखा गळत होता. कारण त्यांची भरघोस मिशी. मार्गदर्शक मुलाने मिशीला व्हॅसलिन चोपडले तेव्हा किनाऱ्यावर बराच हशा झाला, पण गळती थांबली. मोतिबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्या धाकट्या बहिणीला आणि कानाचा पडदा फाटलेल्या थोरलीला मी वरच थांबवले. सबंध चेहरा झाकणारे मास्कही तिथे मिळतात. ते घेऊ नयेत असे मी सुचवीन. अडचण आली तर साधी नळी तोंडातून थुंकून टाकता येते, तो मास्क चटकन निघत नाही.

प्रत्येकाला लाइफ जॅकेट, हाताशी हवा भरलेली रिंग, आणि ती रिंग ओढत नेणारा मार्गदर्शक. पोहता येण्याची गरज पडत नाही. काकू साडीऐवजी पूर्ण बाह्यांचा पंजाबी ड्रेस घालून आल्या होत्या आणि कोणी बघते आहे का याची त्यांना पहिली पाच मिनिटे चिंता होती. मग त्यांनी तोंड पाण्यात घातले. लगेच वर काढले. पुन्हा घातले. तिसऱ्या वेळी त्यांचा श्वास संथ झाला हे नळीच्या आवाजावरून मला कळले. खाली शिंगांसारखी फुटलेली प्रवाळे होती, काही जिवंत, काही पांढरी पडलेली. समुद्राचे पाणी तापले की प्रवाळातले सूक्ष्म शैवाल निघून जाते आणि ते असे फिकट होते. अंदमानात २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झाले. तरीही मासे भरपूर. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे, समुद्रफुलांच्या आडोशाला राहणारे केशरी, आणि चोचीने प्रवाळ कुरतडणारे पोपटमासे. त्यांचे कुरतडणे पाण्यात कानांनी ऐकू येते. अशा ठिकाणची पांढरी वाळू बरीचशी त्यांच्याच पोटातून पडलेली असते.

मी वेळ वीस मिनिटांची ठरवली होती. पाणी कोमट वाटले तरी कृश वृद्धांचे शरीर त्यात हळूहळू थंड पडते. धाप, छातीत जडपणा, खोकला, यांतले काहीही जाणवले तर नळी काढायची, पाठीवर व्हायचे आणि हात वर करायचा, हे सर्वांना तीनदा सांगून झाले होते. पोस्टमास्तर बारा मिनिटांत दमून परतले. वीस मिनिटांनी मी काकूंच्या खांद्याला हात लावला. त्यांनी मान हलवून आणखी दहा मागितली. दिली.

किनाऱ्यावर अकरा वाजून दोन मिनिटांनी सरांची गोळी झाली होती. काकांनी वहीत वेळ लिहिली होती, मोठ्या अक्षरांत. स्वतः मात्र दोन शहाळी पिऊन बसले होते, तिसरे हातात. मी ते काढून घेतले. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. हृदयासाठी त्यांना ज्या गोळ्या चालू आहेत, त्यांतल्या दोन शरीरात पोटॅशियम साठवून ठेवतात, आणि ते फार वाढले तर हृदयाची लय बिघडते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही हेच लागू. नारळपाणी कितीही प्यावे, ते औषधच आहे, हा आपल्याकडचा समज सर्वांसाठी खरा नाही.

दुपारी ओहोटीपूर्वी काचेच्या तळाची बोट मिळाली. सरांना दोघांनी धरून चढवले आणि बसवताना मध्यभागी घेतले. काका काचेवर वाकून पाहत होते, त्यांच्या शेजारी सर, आणि काकू दोघांना प्रत्येक माशाचे नाव सांगत होत्या, त्यांतली निम्मी त्यांनी स्वतःच ठेवलेली. एका जागी मोठा शिंपला उघडा दिसला, आतली कड निळी-जांभळी. सरांनी बोट दाखवले. त्यांचे बोट कापत होते, पण रोख बरोबर होता.

हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. गंभीर रुग्णाला मात्र पोर्ट ब्लेअरच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात न्यावे लागते, आणि मध्ये समुद्र आहे. शेवटची बोट गेल्यावर ते अंतर रात्रीचे फार मोठे होते. ज्यांना गेल्या काही महिन्यांत झटका आला आहे, नुकता स्टेंट बसवला आहे, दमा किंवा आकडी ताब्यात नाही, त्यांनी बेटांवरचे मुक्काम पुढे ढकलावेत आणि पोर्ट ब्लेअरमध्ये राहून जमेल तेवढे पाहावे. स्कूबा केल्यावर विमानात बसण्यापूर्वी जवळपास दिवसभर थांबावे लागते. पाण्याच्या पृष्ठभागावर केलेल्या स्नॉर्केलिंगला तो नियम नाही, त्यामुळे परतीच्या तारखेची ओढाताण होत नाही.

परतीच्या दिवशी हॉटेलातल्या वजनकाट्यावर काकांना उभे केले. सहा दिवसांत दीड किलो वाढले होते, आणि घोट्यांवर बोट दाबले की खळगा राहत होता. लोणचे, पापड आणि तळलेल्या माशावरचे मीठ. लघवीची गोळी चार दिवस दीडपट केली, मुलाला रोज सकाळी वजन लिहायला सांगितले, आणि नागपूरला उतरल्यावर पुन्हा छाती तपासली. ती स्वच्छ होती. विमानात ते मला मालवणविषयी विचारत होते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळही स्नॉर्केलिंग होते, तारकर्लीला राहण्याची सोय आहे, विमान लागत नाही. पण वऱ्हाडातून रस्ता फार लांबचा आहे, दोन मुक्काम करून जावे लागेल, आणि पावसाळ्यात तिथले पाण्यातले खेळ बंद असतात. दिवाळीनंतर जाऊ म्हणाले. पोटऱ्यांपर्यंतच, हे त्यांनीच पुढे जोडले. सरांनाही घेऊन जाऊ, असेही म्हणाले.